रिसेटच्या आधीची दोन मिनिटं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एखाद्या कारखान्याचं मेंटेनन्सचं लॉगबुक उघडलं की एक ओळ पानापानावर भेटते: "ड्राइव्ह ट्रिप. रीसेट कर्यु. चालू थई गयु." कधी ती मराठीत असते, कधी हिंदीत, पण मजकूर तोच. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, आणि ट्रिप म्हणजे दोष दिसताच त्याने स्वतःहून मोटर थांबवणं. कोणता फॉल्ट होता, मोटर तेव्हा काय करत होती, करंट किती होता, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. रात्रपाळीला हाच ड्राइव्ह परत थांबतो, तेव्हा तिथल्या वायरमनला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. खरं तर ड्राइव्हने सगळं टिपून ठेवलेलं असतं. आपण ते वाचायच्या आधीच रिसेट दाबतो.

ट्रिप झालेल्या ड्राइव्हसमोर उभं राहिलात की आधी मोबाइलने डिस्प्लेचा फोटो काढा. मग फॉल्ट हिस्टरीत जा. बहुतेक चांगल्या ड्राइव्हमध्ये ट्रिपच्या क्षणाचे आकडे गोठवून ठेवलेले असतात: आउटपुट फ्रिक्वेन्सी, आउटपुट करंट, डीसी बसचं (आलेल्या एसी सप्लायपासून ड्राइव्हच्या आत बनणाऱ्या डीसीचं) व्होल्टेज, बऱ्याचदा हीटसिंकचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचं) तापमानही. हे चार आकडे कागदावर उतरवा. नंतर ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: मशीन सुरू होताना थांबलं, वेग घेताना, एकसारखं चालताना, वेग उतरताना, की नुसतं उभं असताना? मी तर या उत्तराला फॉल्ट कोडपेक्षा जास्त वजन देतो. कोड एवढंच सांगतो की ड्राइव्हला त्रास कुठे झाला. कशामुळे झाला, ते वेळेवरून कळतं.

कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे, आजार मात्र तेच आठदहा. ओव्हरकरंट यास्कावावर ओसी म्हणून दिसतो, सीमेन्सच्या जी१२० वर एफ३०००१, एबीबीच्या एसीएस५८० वर २३१०, डॅनफॉसवर अलार्म १३ आणि श्नायडरच्या अल्टिव्हारवर ओसीएफ. पाठांतराची गरज नाही. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला त्या मॉडेलच्या कोडचं एक पान लॅमिनेट करून चिकटवा, काम भागतं. अलार्म आणि फॉल्ट यांतला फरक मात्र प्रत्येकाला माहीत हवा. अलार्म किंवा वॉर्निंग आली तरी मोटर फिरत राहते. फॉल्ट आला की आउटपुट बंद. सीमेन्समध्ये अलार्मच्या आधी ए आणि फॉल्टच्या आधी एफ असतो. डॅनफॉसमध्ये तोच नंबर आधी वॉर्निंग म्हणून येतो आणि मग अलार्म होतो, तिथे अलार्म म्हणजेच ट्रिप. काही फॉल्ट "ट्रिप लॉक" असतात, म्हणजे मेन सप्लाय बंद करून पुन्हा दिल्याशिवाय रिसेट होत नाहीत. शॉर्ट सर्किट त्यातलाच. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे, तिला बगल देऊ नका.

ऑटो-रिसेटबद्दल माझं मत ठाम आहे. सप्लायच्या अंडरव्होल्टेजसाठी तो ठेवावा, तोही दोनतीन प्रयत्नांपुरता आणि मशीन आपोआप सुरू झाल्याने कुणाला इजा होणार नाही अशा ठिकाणीच. ओव्हरकरंट, शॉर्ट सर्किट आणि अर्थ फॉल्ट (करंट जमिनीकडे गळणं) यांसाठी तो कायमचा बंद असावा. मोटरमध्ये शॉर्ट असताना लागोपाठ पाच रिसेट म्हणजे आयजीबीटीला, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या आउटपुटच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, पाच दणके. सहावा दणका बसायच्या आधी मॉड्यूल गेलेलं असतं, आणि मग रिवाइंडिंगबरोबर ड्राइव्हचाही खर्च डोक्यावर येतो.

हात घालण्यापूर्वी

सप्लाय बंद करा, आयसोलेटरला कुलूप लावा, टॅग लावा आणि थांबा. छोट्या ड्राइव्हला पाच मिनिटं, मोठ्याला पंधरा. नेमका आकडा ड्राइव्हच्या कव्हरवर छापलेला असतो. डिस्प्ले विझला याचा अर्थ कपॅसिटर रिकामे झाले असा होत नाही. मल्टिमीटर डीसी १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून डीसी प्लस आणि डीसी मायनसमध्ये मोजा. आकडा ४० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका. मीटर कॅट थ्री (सुरक्षेचा दर्जा), १००० व्होल्टचंच हवं. बाजारातलं दोनअडीचशे रुपयांचं मीटर या कामाला चालत नाही, यात तडजोड नको.

मीटरबद्दल आणखी एक. ड्राइव्हच्या आउटपुटला साइन वेव्ह नसते, हजारो वेळा कापलेले पल्स असतात. साध्या मीटरवर तिथलं व्होल्टेज भलतंच जास्त दिसतं आणि साधा क्लॅम्प मीटर करंट चुकीचा दाखवतो. ट्रू आरएमएस (वेडीवाकडी लाटही बरोबर मोजणारं) आणि लो-पास फिल्टर असलेलं मीटर वापरा, नाहीतर ड्राइव्हच्या स्वतःच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवा.

ओव्हरकरंट

रन (मोटर चालू करायची कमांड) दिल्या दिल्या, फ्रिक्वेन्सी एक-दोन हर्ट्झच्या पुढे जायच्या आतच ट्रिप झाला तर शॉर्टचा संशय घ्या: केबल, मोटर किंवा ड्राइव्हचं स्वतःचं मॉड्यूल. तिघांना वेगळं करायचा रस्ता सोपा आहे. यू, व्ही, डब्ल्यू या मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायर ड्राइव्हवरून काढा, त्यांच्या टोकांच्या लगना टेप लावा, ड्राइव्ह व्ही/एफ (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरल्या प्रमाणात देणाऱ्या) मोडमध्ये टाका, आउटपुट फेज लॉसचं संरक्षण तेवढ्यापुरतं बंद करा आणि मोटरशिवाय २५ हर्ट्झवर चालवा. तरीही ट्रिप झाला तर दोष ड्राइव्हमध्ये. नीट चालला तर तिन्ही फेजमधलं व्होल्टेज आपसात मोजा. ते जवळजवळ सारखं असेल तर ड्राइव्ह निर्दोष, आता केबल आणि मोटरकडे वळा. व्हेक्टर मोडमध्ये (मोटरचा करंट बघून टॉर्क सांभाळणाऱ्या) मोटरशिवाय ही चाचणी फसते, म्हणून आधी मोड बदलायचा आणि नंतर आठवणीने जागेवर आणायचा. बंद केलेलं संरक्षणही परत चालू करायचं.

ड्राइव्हमध्येच दोष वाटला तर डायोड टेस्ट करा. सप्लाय बंद, कपॅसिटर रिकामे, इनपुट आणि मोटरच्या वायर सोडलेल्या. मीटर डायोडच्या खुणेवर. लाल पिन डीसी मायनसवर धरून काळी पिन एकेक करून आर, एस, टी या इनपुटच्या टर्मिनलवर टेकवा: तिन्ही वेळा ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. मग काळी पिन डीसी प्लसवर आणि लाल पिन आर, एस, टी वर: तसेच आकडे. हेच पुन्हा यू, व्ही, डब्ल्यूवर. पिना उलट केल्या की मीटर ओएल (रेंजबाहेर, म्हणजे रस्ता बंद) दाखवतं, किंवा कपॅसिटर भरत असल्याने आकडा हळूहळू चढत जातो. त्याला घाबरू नका. महत्त्वाचं हे की तिन्ही फेजचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखाद्या ठिकाणी ०.०० आलं की तिथलं सेमीकंडक्टर शॉर्ट. सरळ दिशेतही ओएल आलं की उघडं पडलेलं. मोठ्या ड्राइव्हमध्ये इनपुटला अर्धा ब्रिज थायरिस्टरचा (इशारा मिळाल्यावरच वाहणाऱ्या डायोडचा) असतो, तिथे डीसी प्लसच्या बाजूला दोन्ही दिशांना ओएल येणं साहजिक आहे. त्यावरून चांगला ड्राइव्ह मोडीत काढू नका. या टेस्टला एक मर्यादाही आहे. आयजीबीटीचं गेट किंवा गेट ड्रायव्हर गेलेला असला तर डायोड टेस्ट एकदम छान येते. तो दोष वरच्या मोटरशिवायच्या चाचणीतच पकडला जातो: एका फेजचं व्होल्टेज ठळकपणे वेगळं येतं.

इनपुटचा फ्यूज उडाला असेल तर नवा फ्यूज टाकून सप्लाय देऊ नका. आधी डायोड टेस्ट. मनात शंका उरली असेल तर दुरुस्तीवाले वापरतात ती रीत चांगली आहे: प्रत्येक फेजमध्ये २३० व्होल्ट, २०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय द्यायचा. बल्ब क्षणभर उजळले आणि मंद झाले तर कपॅसिटर भरले, शॉर्ट नाही. प्रखर जळतच राहिले तर लगेच बंद करा. बल्ब असताना रन मात्र द्यायचा नाही.

वेग घेताना ओव्हरकरंट येत असेल तर कारण वेगळ्या दिशेला असतं. ॲक्सिलरेशन टाइम कमी, टॉर्क बूस्ट जास्त, गिअरबॉक्स किंवा पंप अडकलेला, किंवा ब्रेक मोटर असेल तर ब्रेक उघडतच नाही. यातलं शेवटचं फार वेळा होतं. ब्रेकची कॉइल मोटरच्या टर्मिनलवरूनच घेतलेली असते. थेट सप्लायवर ते चालायचं, पण ड्राइव्ह लावल्यावर ५ हर्ट्झला तिथे पुरेसं व्होल्टेजच नसतं. ब्रेकला वेगळा सप्लाय द्या आणि तो ड्राइव्हच्या रिलेवरून सोडा.

एकसारखं चालताना अधूनमधून येणाऱ्या ओव्हरकरंटसाठी ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलने उघडझाक होणारा मोठा स्विच) आहे का ते पाहा. मोटर चालू असताना तो उघडला-मिटला की ड्राइव्ह ट्रिप होणारच. तो ठेवायचाच असेल तर त्याचा सहायक कॉन्टॅक्ट रनच्या कमांडमध्ये घ्या, म्हणजे आधी ड्राइव्ह थांबेल आणि मग कॉन्टॅक्टर उघडेल. आणि ड्राइव्हच्या आउटपुटला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर कधीही नको. जुन्या स्टार्टरच्या जागी ड्राइव्ह बसवताना मोटरजवळचा कपॅसिटर काढायचा राहून गेलेला असतो, म्हणून मोटरपर्यंत चालत जाऊन डोळ्यांनी बघा.

रिवाइंड होऊन आलेल्या मोटरवर नवीनच ओव्हरकरंट किंवा ओव्हरलोड सुरू झाला तर कनेक्शन तपासा. स्टार आणि डेल्टा या मोटरच्या तीन कॉइल जोडायच्या दोन पद्धती. आपल्याकडे साधारण ३ एचपीपर्यंतच्या मोटरी स्टारमध्ये आणि त्यावरच्या डेल्टामध्ये चालतात. डेल्टाची मोटर चुकून स्टारमध्ये जोडली गेली की टॉर्क एक तृतीयांशावर येतो, मोटर लोड ओढत नाही आणि स्लिप (मोटरचं वेगात मागे पडणं) वाढून करंट चढतो. नेमप्लेटवरचे आकडे ड्राइव्हमध्ये जसेच्या तसे भरलेत का तेही बघा. १५ किलोवॅट, चार पोल, ४१५ व्होल्टच्या मोटरचा पूर्ण लोडचा करंट २८ अँपिअरच्या आसपास असतो; पॅरामीटरमध्ये ड्राइव्हचा ३८ अँपिअर तसाच राहिला असेल तर मोटर जळेपर्यंत ओव्हरलोडचं संरक्षण जागं होणार नाही.

डीसी बस: वर आणि खाली

४१५ व्होल्टच्या सप्लायवर लोड नसताना डीसी बस ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे साधारण ५८७ व्होल्ट असते. हा आकडा पाठ असू द्या. निम्मं निदान त्याच्यावर होतं.

ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप ४०० व्होल्ट वर्गातल्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये ८०० ते ८२० व्होल्टच्या आसपास असतो. वेग उतरताना तो आला तर कारण एकच: फिरत्या वस्तुमानातली ऊर्जा मोटरमधून परत येते आणि तिला जायला जागा नाही. नंदेसरीच्या केमिकल युनिटांमध्ये सेंट्रिफ्यूजवर हे रोजचं आहे. हिशेब करून बघा. मोटरच्या शाफ्टवर येणारं जडत्व १० किलोग्रॅम-मीटर वर्ग आणि वेग १४८० आरपीएम धरला तर साठलेली ऊर्जा १,२०,००० जूल होते. बसवर २००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतील तर ५९० पासून ८०० व्होल्टपर्यंत चढताना ते जेमतेम ३०० जूल सामावतात. दहा सेकंदांत थांबवायचं म्हटलं तर सरासरी १२ किलोवॅट परत येतात, सुरुवातीला त्याच्या दुप्पट. साठ सेकंद दिले तर सरासरी २ किलोवॅट, आणि एवढं घर्षण आणि मोटरचे लॉस बरंचसं पचवतात. म्हणून पहिला उपाय फुकटातला: डिसेलरेशन टाइम वाढवा, किंवा प्रक्रियेला चालत असेल तर मोटर मोकळी सोडून थांबू द्या.

थांबायचा वेळ वाढवता येत नसेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लागतो. तो लावलेला असूनही ट्रिप येत असेल तर सप्लाय बंद करून रेझिस्टरचा रोध मोजा. प्लेटवरच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक असेल, किंवा ओएल येत असेल, तर रेझिस्टर गेला. तो चांगला असेल तर मशीन थांबवताना बसवर नजर ठेवा: चॉपर (जादा ऊर्जा रेझिस्टरकडे वळवणारा स्विच) साधारण ७५० ते ७८० व्होल्टला चालू व्हायला हवा. बस त्यापुढे चढली आणि रेझिस्टर थंडच राहिला तर चॉपर बंद आहे, किंवा पॅरामीटरमध्ये चालूच केलेला नाही. इथे एक गफलत सारखी होते. रेझिस्टर वापरताना ड्राइव्हचा ओव्हरव्होल्टेज कंट्रोल, यास्कावात ज्याला डिसेल स्टॉल प्रिव्हेन्शन म्हणतात, तो बंद करावा लागतो. नाहीतर बस चढायला लागली की ड्राइव्ह स्वतःच रॅम्प (वेग उतरवायचा वेळ) लांबवतो आणि रेझिस्टरची पाळीच येत नाही. बदली रेझिस्टर बसवताना मॅन्युअलमधल्या किमान ओहमपेक्षा कमी कधीही लावू नका, चॉपरचा ट्रान्झिस्टर जातो.

मशीन उभं असताना किंवा एकसारखं चालताना ओव्हरव्होल्टेज आला तर दोष सप्लायच्या बाजूला. रविवारी किंवा रात्री लोड कमी असतो, एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलचे कपॅसिटर मात्र लाइनवरच राहिलेले असतात आणि व्होल्टेज ४५० च्या पुढे जातं. मग बस मुळातच ६३५ व्होल्टला उभी असते. त्यात कपॅसिटरचा एखादा टप्पा जोडला गेला की झटका बसतो. एपीएफसीचा ऑटो मोड तपासा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बघा आणि ड्राइव्हच्या इनपुटला ३ टक्क्यांचा लाइन चोक (झटके मवाळ करणारी कॉइल) लावा. हा चोक रेक्टिफायरलाही, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागालाही, वाचवतो. नव्या पॅनेलच्या अंदाजपत्रकातून लोक सर्वांत आधी तोच कापतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंडरव्होल्टेजमध्ये शोध दोन दिशांना. सगळे ड्राइव्ह एकदम थांबले तर सप्लाय खाली गेला. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत तारांवर मांजा अडकतो, पावसाळ्याच्या पहिल्या वाऱ्यात फांद्या पडतात, शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर थेट लाइनवर सुरू होते. एकच ड्राइव्ह थांबत असेल तर त्याच्याच इनपुटला बघा: सैल लग, काळवंडलेला कॉन्टॅक्टर, उडालेला फ्यूज. लोडवर असताना प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा, शून्याजवळ यायला हवं. एक फेज गेली तरी हलक्या लोडवर ड्राइव्ह आरामात चालतो, लोड चढला की बसवरची लहर वाढते आणि इनपुट फेज लॉस किंवा अंडरव्होल्टेज येतो.

प्रीचार्जचा दोष मात्र पुष्कळांना चकवतो. सप्लाय दिल्यावर कपॅसिटर आधी एका रेझिस्टरमधून भरतात आणि मग एक रिले किंवा कॉन्टॅक्टर त्या रेझिस्टरला बायपास करतो. तो रिले लागला नाही तर उभ्या ड्राइव्हवर बस ५८७ दाखवते, सगळं छान. रन दिला, लोड आला की सगळा करंट त्या छोट्या रेझिस्टरमधून जायला लागतो, बस कोसळते आणि अंडरव्होल्टेज येतो. वायरमन सप्लाय मोजतो, ४१५ भरतं आणि तो गोंधळतो. रन देताना डिस्प्लेवर बसचा आकडा लावून ठेवा. इनपुटचं व्होल्टेज स्थिर आणि बस मात्र घसरतेय, असं दिसलं की प्रीचार्ज.

सप्लायचा झोका येऊन गेल्यावर ब्लोअर सुरू करताना ओव्हरकरंट आला तर त्याला नवा दोष समजू नका. पंखा अजून फिरत असतो आणि ड्राइव्ह शून्यापासून सुरुवात करतो. फ्लाइंग स्टार्ट (फिरत्या मोटरचा वेग ओळखून तिथूनच सुरुवात करणं) चालू करा.

पावसाळा आणि अर्थ फॉल्ट

बडोद्यात जूनच्या शेवटापासून अर्थ फॉल्टचे फोन वाढतात. उघड्यावरच्या कूलिंग टॉवरच्या मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. गास्केट एका कोपऱ्यात दबून फाटलेलं असतं, ग्लँड (केबल आत शिरते ती कडी) वर तोंड करून बसवलेला असतो, झाकणाच्या आतून थेंब लोंबत असतात आणि लगवर हिरवट थर चढलेला असतो. पाणी पुसून, हीट गनने वाळवून भागत नाही. ग्लँड खाली किंवा बाजूला वळवा, केबलला बॉक्सच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, गास्केट नवं टाका.

मेगर करताना (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रोध मोजताना) मोटरच्या वायर ड्राइव्हवरून सोडल्याच पाहिजेत. जोडलेल्या ड्राइव्हवर मेगर मारला की ५०० व्होल्ट थेट आयजीबीटीवर जातात. थर्मिस्टरच्या (मोटरमधल्या तापमानाच्या सेन्सरच्या) बारीक वायरींवरही मेगर मारू नका. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर, एक मिनिट. आयईईई ४३ या मानकाप्रमाणे अशा मोटरसाठी ४० अंश सेल्सिअसला किमान ५ मेगओहम हवेत. तापमान १० अंशांनी वाढलं की वाचन साधारण निम्मं होतं, त्यामुळे सकाळी २० अंशांना थंड मोटरवर ५ आले म्हणून खूश होऊ नका. ते ४० अंशांना सव्वाच्या आसपासच भरतात. आधी केबलसकट मेगर करा. कमी आला तर मोटरच्या बॉक्समध्ये केबल सोडून दोघांना वेगवेगळं मोजा.

मेगर उत्तम आणि तरीही अर्थ फॉल्ट येतोय, असं असेल तर केबलची लांबी बघा. १०० मीटर शील्डेड केबलवर १.५ किलोवॅटचा छोटा ड्राइव्ह असेल तर केबलचा चार्जिंग करंटच त्याला अर्थ फॉल्टसारखा वाटतो. स्विचिंग फ्रिक्वेन्सी (सेकंदाला पल्स कापायचा वेग) कमी करा, आउटपुट चोक लावा. लांब केबलचा दुसरा त्रास मोटरला होतो: परावर्तित लाटेमुळे तिच्या टर्मिनलवर बसच्या दुप्पट, ११०० व्होल्टच्याही पुढे शिखरं जातात. नेमा एमजी १ या मोटरच्या मानकाच्या भाग ३१ मध्ये इन्व्हर्टरवर (म्हणजे ड्राइव्हवर) चालणाऱ्या मोटरसाठी अशी शिखरं सोसायची सहनशक्ती मागितली आहे, ती त्याचसाठी. रिवाइंडिंगला मोटर देताना ती ड्राइव्हवर चालते हे ठळक सांगा आणि ड्युअल कोट (दुहेरी इन्सुलेशनची) तार मागा.

उन्हाळा

बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग ४० अंशांसाठी असतं. त्यापुढे ५० अंशांपर्यंत बऱ्याच मॉडेलमध्ये प्रत्येक अंशाला एक टक्का क्षमता कमी धरतात. मे महिन्यात बडोद्याची हवाच ४३ अंशांवर असते, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि पॅनेलच्या आत त्याच्यावर आणखी भर.

२२ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर साधारण ६०० वॅट उष्णता सोडतो. पॅनेलच्या पंख्याचा हिशेब असा: ३.१ गुणिले वॅट, भागिले आत-बाहेरच्या तापमानातला फरक. १० अंशांचा फरक चालत असेल तर ताशी १८६ घनमीटर हवा पुरते. पण बाहेर ४३ असताना आत ५३ परवडत नाही, फरक ५ वर आणायचा म्हटलं की ३७२ घनमीटर लागतात. चिकटलेल्या फिल्टरमधून त्याच्या निम्मीही जात नाही. उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरवड्याला धुवा. सप्लाय बंद असताना हीटसिंकचा पंखा बोटाने फिरवून बघा: मोकळा, बिनआवाज फिरला पाहिजे, खरखरला किंवा लगेच थांबला तर आजच बदला. पंखे तीन ते पाच वर्षांत बदलायचेच असतात. साफसफाई ब्लोअर किंवा व्हॅक्यूमने करा. कॉम्प्रेसरच्या लाइनची हवा पाणी आणि तेल घेऊन येते आणि धूळ कार्डावर लिंपून टाकते. सकाळी थंड ड्राइव्ह सुरू करताच ओव्हरटेम्परेचर आला तर तापमानाचं वाचन बघा. रात्रभर बंद असलेला हीटसिंक ९५ अंश दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर.

ओव्हरलोडला ओव्हरहीट समजायची गल्लत होते. ओव्हरलोड हा करंट आणि वेळ यांचा हिशेब आहे: हेवी ड्यूटीला सहसा १५० टक्के ६० सेकंद, नॉर्मल ड्यूटीला ११० टक्के ६० सेकंद. तो येत असेल तर पंखा साफ करून काही होणार नाही, लोड बघा: बेअरिंग, ताणलेला बेल्ट, घट्ट झालेला माल. मोटर सतत २० हर्ट्झच्या खाली पूर्ण टॉर्कवर चालत असेल तर तिचा स्वतःचा पंखा पुरत नाही, वेगळा ब्लोअर लावा.

४ ते २० मिलिअँपिअरचा (ट्रान्समीटरकडून वाचन आणणारा) सिग्नल गेल्याचा फॉल्ट आला तर मिलिअँपिअर मोजा, ट्रान्समीटरचा सप्लाय बघा. आकडा नाचत असेल तर सिग्नलची केबल मोटरच्या केबलच्या ट्रेमधून काढा आणि निदान ३० सेंटिमीटर लांब न्या.

स्टोअरमधला जादा ड्राइव्ह

वेळेवर कामी येईल म्हणून ठेवलेला ड्राइव्ह सप्लाय देताच फुटतो, याचं कारण कपॅसिटर. एक वर्षाहून जास्त पडून राहिला की त्यांचा आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो. मॅन्युअलमध्ये फॉर्मिंगची (हळूहळू व्होल्टेज देऊन तो थर पुन्हा घडवायची) पद्धत दिलेली असते, ती आधी वाचा. ती हाताशी नसेल तर दोनतीन वर्षं पडून असलेल्या ड्राइव्हसाठी नेहमीची रीत अशी: व्हेरिॲकवरून (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) इनपुटला रेटेड व्होल्टेजच्या २५, ५०, ७५ आणि १०० टक्के, प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास, रन न देता. त्याहून जुना असेल तर प्रत्येक टप्पा दोन तासांचा. ते झाल्यावर मोटरशिवाय एकदा चालवा, कीपॅडमध्ये सेव्ह केलेले पॅरामीटर त्यात उतरवा आणि फॉर्मिंगची तारीख ड्राइव्हच्या बाजूला मार्करने लिहून खोक्यात परत ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा एक तास पूर्ण सप्लाय दिला की पुरे.